मागीलदारचा धूर

चार वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यातली गोष्ट आहे. खाडीतल्या एका जुव्यावरची पाच वर्षांची एक मुलगी तीन महिन्यांत चौथ्यांदा माझ्या दवाखान्यात आली. पहाटेच्या पहिल्या होडीने, बापाच्या खांद्यावर, डोक्याला कानटोपी, आणि छातीत अशी घरघर की दाराबाहेरच्या बाकावरून ऐकू यावी. नेब्युलायझर लावला, वीस मिनिटांत पोर मोकळी झाली, बिस्किट मागू लागली. बापाने हात जोडले. मी नेहमीची औषधे लिहून दिली आणि नेहमीचे प्रश्न विचारले. घरात कोणी विडी ओढतं का? नाही. मांजर? नाही. स्वयंपाक चुलीवर? नाही, गॅस आहे. घरात ओल? असणारच, चारही बाजूंनी पाणी. मुलगी मामाकडे आली की पंधरा-पंधरा दिवस तिला काही होत नाही, हेही बापाने सांगितले. मी मनाशी म्हटले, झाले तर मग, जुव्यावरची ओलच बाधते पोरीला.

निदान चुकले होते. आणि ते चुकले हे मला दवाखान्यात बसून कधीच कळले नसते.

पंधरा दिवसांनी त्याच मुलीच्या आजोबांना ताप आला. होडीत घालून आणण्यासारखी त्यांची अवस्था नव्हती, म्हणून संध्याकाळच्या होडीने मीच पलीकडे गेलो. म्हाताऱ्याला तपासले, इंजेक्शन दिले. रात्री त्यांच्याकडेच राहायचे ठरले. हातपाय धुवायला मागीलदारी गेलो तर विहिरीपासून दहा-बारा पावलांवर एका खड्ड्यात कचरा पेटलेला होता. सुकी चुडते, भाजीची देठे, माशांची खवले, त्यात दुधाच्या पिशव्या, वेफर्सची पाकिटे, एक तुटकी प्लॅस्टिकची खुर्ची, जुन्या रबरी चपला आणि धाकट्या भावाचे डायपर. ज्वाळा फारशी नव्हती. धुमसत होते. वारा पडलेला होता, त्यामुळे काळा-पिवळा धूर वर न जाता माडांच्या बुंध्यांमधून घराकडे सरपटत होता. आणि आमची पेशंट हातात काठी घेऊन, बाहेर आलेले कागद पुन्हा आत ढकलत होती. रोजचे तिचे आवडते काम होते ते.

सकाळी आणखी एक गोष्ट दिसली. न्हाणीतल्या चुलीशेजारी एक पिशवी टांगलेली होती. तिच्यात रिकाम्या प्लॅस्टिकच्या पिशव्या जमवलेल्या. चूल पेटवायला रॉकेल मिळत नाही, तेव्हा ओल्या सोडणांखाली एक पिशवी पेटवली की काम होते. याच न्हाणीत मुलीची रोज आंघोळ. वाचकहो, मी बापाला "स्वयंपाक चुलीवर करता का" असे विचारले होते. पाणी कशावर तापवता, हे विचारलेच नव्हते.

आजीचा प्रश्न

मी घरातल्या सर्वांना बसवून समजावू लागलो. प्लॅस्टिक जाळू नका, पोरीला बाधतं, वगैरे. आजीने शांतपणे सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "डॉक्टरानू, तुमी सांगतास तां बरोबर. पण मगे कचरो टाकूचो खंय? खाडयेत? घंटागाडी काय होडयेत बसान येता?"

मला उत्तर देता आले नाही. त्या जुव्यावर पन्नास-साठ उंबरे. खाडीच्या अलीकडे घंटागाडी येते, पलीकडे येत नाही. पुरावे तर दीड हात खणले की पाणी लागते आणि भरतीला खड्डा भरतो. खाडीत टाकावे तर तेच ओहोटीला आपल्याच जाळ्यात येते. मग उरते काय? काडीपेटी.

आणखी एका कारणाने मी गप्प बसलो. १९९७ साली मी तालुक्याच्या गावी दवाखाना सुरू केला. त्या वेळी दवाखान्याच्या मागे एक पत्र्याचे पिंप होते. आठवडाभराचे कापसाचे बोळे, बँडेज, सिरिंज, सलाइनच्या नळ्या त्यात टाकायच्या आणि शनिवारी दुपारी आमच्या कंपाउंडरने त्यावर घासलेट ओतून काडी लावायची. शेजारच्या वाड्यातल्या बायका खिडक्या लावून घेत. जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम १९९८ मध्ये आले. क्लोरीन असलेले प्लॅस्टिक भट्टीतसुद्धा जाळू नये, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. सलाइनची नळी ही त्याच जातीची, पीव्हीसीची. पण आमच्याकडे कचरा न्यायला गाडी येत नव्हती आणि मी सोयीस्करपणे म्हणत होतो, "मग टाकायचं कुठं?" शब्दाशब्दाने आजीचाच प्रश्न. ते पिंप नियम आल्यानंतरही काही वर्षे धुमसत राहिले. आमच्या कंपाउंडरला पुढे कायमचा खोकला जडला. तो विड्याही ओढत असे, त्यामुळे दोष धुराचा किती आणि विडीचा किती, हे मी सांगू शकत नाही. पण दर शनिवारी त्याला त्या पिंपाशी उभे करणारा मीच होतो, एवढे खरे.

म्हणून आजचा हा लेख उपदेशाचा नाही. धुरात नेमके काय असते आणि आजीच्या प्रश्नाला काही उत्तर आहे का, एवढेच पाहायचे आहे.

धुरात असते काय?

आपली समजूत अशी की अग्नी सगळे शुद्ध करतो. लाकूडफाट्याच्या काळात ती बऱ्याच अंशी चालून गेली. आज आपल्या कचऱ्यात पालापाचोळा कमी आणि कारखान्यातून आलेल्या वस्तू जास्त आहेत. शिवाय ओला-सुका एकत्र असल्यामुळे विस्तव नीट पेटत नाही, धुमसतो. जळण जितके अर्धवट, तितका धूर विषारी.

या धुरात पहिला येतो तो कार्बन मोनॉक्साइड वायू. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातली प्राणवायूची जागा तो बळकावतो. बंद न्हाणीत डोके जड होणे, मळमळणे, गरगरणे हा त्याचा प्रताप असू शकतो. दुसरे म्हणजे अतिसूक्ष्म कण. आपल्या केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या भागाइतके किंवा त्याहूनही लहान. नाकातले केस आणि घशातला कफ यांना ते जुमानत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात आणि काही रक्तातही उतरतात. म्हणून अशा धुराचा त्रास फक्त दमेकऱ्यालाच नाही, तर हृदयविकाराच्या पेशंटलाही होतो. तिसरे म्हणजे आम्ल. पीव्हीसीचे पाइप, वायरींची आवरणे, रेक्झिन जळले की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. डोळे चुरचुरतात, घसा धरतो, श्वासनळ्या आकसतात. आमच्या छोट्या पेशंटच्या छातीत घरघर होत होती ती अशीच आकसलेल्या नळ्यांतून हवा ओढताना.

मुलांचे एक वेगळे असते. मोठा माणूस मिनिटाला चौदा ते अठरा श्वास घेतो, तर लहान मूल पंचवीस-तीस घेते. त्याच्या श्वासनळ्याही अरुंद, त्यामुळे थोडी सूज आली तरी वाट बंद होते. आणि मूल जमिनीच्या जवळ असते, जिथे थंड संध्याकाळी धूर बसून राहतो.

हे झाले तात्काळ परिणाम. आता चौथ्या पाहुण्याविषयी. त्याचे नाव डायॉक्सिन. क्लोरीनयुक्त पदार्थ कमी आचेवर, अर्धवट जळले की ही रसायने तयार होतात. १९७६ साली इटलीतल्या सेवेसो गावाजवळच्या कारखान्यातून ती मोठ्या प्रमाणात बाहेर पडली तेव्हा कित्येक मुलांच्या चेहऱ्यांवर विचित्र पुरळ उठले होते. या गटातल्या सर्वांत विषारी रसायनाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये, माणसाला कर्करोग करणारे, असा शेरा दिला. परसातल्या धुरात सेवेसोइतके प्रमाण नसते हे खरे. पण डायॉक्सिन लवकर जात नाही. ते चरबीत साठते आणि शरीरातले त्याचे प्रमाण निम्मे व्हायला सात ते अकरा वर्षे लागतात.

दुसरी लक्षात ठेवण्याची गोष्ट म्हणजे, डायॉक्सिन श्वासापेक्षा अन्नातून जास्त येते. माणसाच्या शरीरात येणाऱ्या डायॉक्सिनपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक हिस्सा मांस, दूध, मासे अशा चरबीयुक्त अन्नातून येतो. म्हणजे काय होते पाहा. कचरा जळला, राख पडली. त्या राखेत कोंबड्या उकरतात, अंड्यात ते उतरते. गवतावर काजळी बसते, गाय ते गवत खाते, दुधात उतरते. राख खाडीत गेली की चिखलात बसते आणि शिंपल्या-कालवांत शिरते. आपणच जाळलेले आपल्याच ताटात परत येते. बेटावर तर हे वर्तुळ फारच लहान असते. खड्डा, विहीर, कोंबडीचे खुराडे आणि कालवे काढायची जागा, सगळे हाकेच्या अंतरावर.

इथे एक सूचना आवर्जून करतो. हे वाचून कोणत्याही आईने अंगावरचे दूध बंद करू नये. आईच्या दुधाचे फायदे कितीतरी पटीने मोठे आहेत. बंद करायचा तो धूर.

बेटांची अडचण सगळीकडे एकच

आजीचा प्रश्न त्या एका जुव्याचा नाही. मुंबई बंदरातली घारापुरी घ्या. राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर या तीन वाड्या. लेण्यांना १९८७ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान मिळाला, पण समुद्राखालच्या केबलने कायमची वीज पोचायला २०१८ साल उजाडले. वीज केबलने आणता येते, कचऱ्याला मात्र केबल नाही. लाँचने आलेला पाहुणा बाटली सोडून जातो आणि ती बेटावरच राहते.

लक्षद्वीपची वस्ती असलेली बेटे दहा, सगळी मिळून जमीन अवघी ३२ चौरस किलोमीटर, आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे माणसे सुमारे ६४ हजार. पोवळ्याच्या त्या बेटांच्या पोटात गोड्या पाण्याचा एक पातळ थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. वरची वाळू भुसभुशीत. वर जे टाकाल, पुराल किंवा जाळून राख कराल, ते पहिल्या पावसाबरोबर विहिरीत. समुद्राच्या पाण्यापासून पिण्याचे पाणी करणारा प्रकल्प कवरत्तीत २००५ मध्ये उभा राहिला, तो उगीच नव्हे.

त्याच्याही दक्षिणेला मालदीव. २०१६ साली आम्ही उभयता तिथे गेलो होतो. माले शहराच्या धक्क्यावर संध्याकाळी उभे असताना पश्चिमेला क्षितिजावर एक राखाडी धुराचा खांब दिसला. मी एका दुकानदाराला विचारले, आग लागली आहे का? तो हसून म्हणाला, "ती रोजचीच." ते थिलाफुशी. मालेपासून सहा-सात किलोमीटरवर पूर्वी नुसती उथळ खाजण होती. शहराचा कचरा टाकायला जागा उरली नाही म्हणून १९९२ पासून तिथे खड्डे करून कचरा भरू लागले, वरून वाळू आणि बांधकामाचा राडारोडा. समुद्रात कचऱ्याचे बेट तयार झाले. कचरा खड्ड्यांत मावेना तेव्हा उघड्यावर जाळू लागले. वारा फिरला की तो धूर मालेच्या गल्ल्यांत येई, आणि जे परदेशी मजूर त्या ढिगांवर राबत होते त्यांच्या तर तो नाकातोंडातच होता. थिलाफुशीवरचे उघडे जाळणे थांबायला २०२१ साल यावे लागले. म्हणजे जवळजवळ तीस वर्षे. पर्यटकांच्या जाहिरातीत निळे पाणी दिसते, हा खांब दिसत नाही.

मग भट्टीच का आणू नये?

हा प्रश्न जुव्यावरच्या एका तरुणाने मला विचारला, आणि तो रास्त आहे. परदेशात कचरा जाळतातच की!

जाळतात, पण कसे ते पाहू. चांगल्या भट्टीत धूर निदान ८५० अंश सेल्सिअस तापमानात दोन सेकंद तरी राहावा लागतो. दवाखान्यांच्या कचऱ्यासाठी आपल्याकडे दुसऱ्या कप्प्यात सुमारे १०५० अंशांची अट आहे. एवढ्या उष्णतेत डायॉक्सिनचे तुकडे होतात. पण तोच धूर सावकाश थंड झाला तर ते पुन्हा जुळून तयार होते, म्हणून धूर झटकन थंड करावा लागतो. मग चुन्याने आम्ल मारायचे, कोळशाच्या भुकटीने विष शोषून घ्यायचे, कापडी पिशव्यांच्या गाळणीतून कण अडवायचे आणि उरलेले उंच धुराड्यातून सोडायचे. एवढे करूनही वजनाच्या पाव-पंचमांश राख उरतेच, आणि गाळणीत अडकलेली राख तर विषारी म्हणून वेगळी सांभाळावी लागते. आपल्या परसातल्या पिंपात यातले काय आहे? पत्रा आणि काडी.

बर्म्युडा हे अटलांटिक महासागरातले सुमारे ५३ चौरस किलोमीटरचे बेट. १९९४ मध्ये तिथे असा मोठा कारखाना सुरू झाला. कचऱ्यावर वीज होऊ लागली आणि राख सिमेंटमध्ये कालवून तिचे ठोकळे विमानतळाजवळ समुद्रात रचू लागले. श्रीमंत बेट, शिकलेले इंजिनिअर. तरी यंत्रे जुनी झाल्यावर तो कारखाना वारंवार बंद पडू लागला.

साठ उंबऱ्यांच्या जुव्याचे काय होईल? भट्टी सतत पेटती ठेवण्याइतका कचराच नाही. रोज पेटवायची, रोज विझवायची. आणि पेटताना व विझतानाच तर सर्वांत घाण धूर निघतो. आपला कचरा निम्म्याहून अधिक ओला, तो जाळायला डिझेल ओतावे लागणार. खारी हवा दोन पावसाळ्यांत पत्रा खाणार. तिसऱ्या वर्षी भट्टी गंजून पडेल आणि शेजारी पुन्हा खड्डा पेटेल. म्हणून माझे मत विचाराल तर लहान वस्तीला लहान भट्टी हा उपाय नव्हे. शाळा-वसतिगृहांत सॅनिटरी पॅड जाळण्याची छोटी विजेची यंत्रे बसवतात, त्यांच्याबाबतही तापमान किती आणि धूर कुठे जातो, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय ती मुलींच्या खोलीशेजारी बसवू नयेत.

कायद्याचे म्हणाल तर २०१६ च्या घनकचरा नियमांनी उघड्यावर कचरा जाळायला बंदी घातली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने साध्या जाळण्याला पाच हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला पंचवीस हजार रुपये दंड सांगितला. पण जिथे घंटागाडी पोचत नाही तिथे दंडाची पावती तेवढी पोचावी, हे मला पटत नाही. आधी सोय, मग शिस्त.

तर मग करायचे काय?

जुव्यावर असा किंवा मुख्य जमिनीवर, पुढील गोष्टी प्रत्येक घराला जमण्यासारख्या आहेत.

१) कचऱ्याचे पहिल्यांदा दोन भाग करा. भाजीपाला, उष्टे, पाला एकीकडे आणि बाकीचे दुसरीकडे. एवढे केलेत की निम्मे काम झाले, कारण वास आणि माश्या ओल्या कचऱ्याच्या असतात, विष सुक्या कचऱ्याचे.

२) ओला कचरा माडाच्या आळ्यात घाला किंवा विटांच्या हौदात, थरावर थर पालापाचोळ्याचा देत, कुजवा. जिथे जमिनीत पाणी लवकर लागते तिथे खड्डा नको, जमिनीवरचाच हौद करा. विहिरीपासून पंधरा मीटर तरी दूर. माशांची घाण उघडी न टाकता मातीखाली दाबा, नाहीतर कुत्री उकरतात.

३) चुडते, सोडणे, करवंट्या ही आपली जुनी जळणे. ती वाळवून ठेवा, पावसाळ्याआधी माळ्यावर चढवा. पाणी तापवायची चूल पेटवायला करवंटी किंवा सुके चुडत घ्या. प्लॅस्टिकची पिशवी, रबर, रंगवलेले लाकूड चुलीत कधीही नाही. न्हाणीला धुराची वाट ठेवा आणि लहान मुलाला चूल पेटवताना आत ठेवू नका.

४) प्लॅस्टिक, बाटल्या, पत्रा धुऊन, वाळवून गोणपाटात भरा. धुतलेल्या प्लॅस्टिकला वास येत नाही, ते महिनाभर पडवीच्या कोपऱ्यात राहू शकते. पुढे भंगारवाला किंवा घंटागाडी.

५) सेल, ट्यूबलाइट, बल्ब, रंगाचे आणि कीटकनाशकाचे डबे वेगळे. यांत शिसे, पारा, कॅडमियम असतात. अत्तराचे किंवा डास मारण्याचे फवाऱ्याचे डबे आगीत बंदुकीसारखे फुटतात. अशा स्फोटात भाजलेले पेशंट मी पाहिले आहेत. भाजल्यास वीस मिनिटे वाहते थंड पाणी, आणि टूथपेस्ट, शाई, हळद यांतले काहीही न लावता दवाखाना.

६) डायपर आणि पॅड कागदात गुंडाळून, वर लाल खूण करून वेगळ्या पिशवीत. मधुमेहींनी इन्सुलिनच्या सुया जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत जमवून आपल्या डॉक्टरांकडे द्याव्यात. आमच्याकडचा कचरा आता ठरलेल्या गाडीने जातो, त्यात तुमच्या बाटलीचे ओझे होत नाही.

७) पूर्वी जाळलेल्या जागेची राख भाजीच्या वाफ्यात किंवा भांडी घासायला वापरू नका. तिथे कोंबड्या जाऊ देऊ नका.

घरात दमेकरी असेल आणि शेजारी धूर झालाच, तर त्या बाजूची दारे-खिडक्या लावा आणि पेशंटला वाऱ्याच्या उलट दिशेला न्या. तोंडाला ओला रुमाल बांधून सूक्ष्म कण अडत नाहीत. मुलाच्या बरगड्यांमधली कातडी श्वासागणिक आत ओढली जात असेल, ते पाणी पीत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा बोलताना वाक्य तुटत असेल, तर होडीची, गाडीची वाट न पाहता निघा.

पुढे काय झाले?

दुसऱ्या दिवशी सकाळी होडीत बसताना मी तांडेलाला विचारले, की तू इकडून सिमेंट, तांदूळ, गॅसचे सिलिंडर आणतोस, परत जाताना काय नेतोस? तो म्हणाला, "माणसं." म्हणजे परतीच्या फेरीत जागा असते. तेच उत्तराचे टोक होते. ज्या होडीतून आले, त्याच होडीतून परत. जुव्यावरच्या बायकांच्या बचत गटाने हे मनावर घेतले. महिन्यातून दोनदा, ठरलेल्या वारी, घरटी एक गोणी अलीकडच्या धक्क्यावर. तांडेलाला गोणीमागे थोडे भाडे, तेवढे भंगाराच्या पैशातून बहुतेक सुटते. काही महिने ग्रामपंचायतीच्या पायऱ्या झिजवल्यावर घंटागाडी धक्क्यापर्यंत येऊ लागली.

सगळे सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. पावसाळ्यात खाडीला उधाण असले की गोण्या अडकून पडतात. डायपर आणि पॅडचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही, ते खोपटात जमवून ठेवायला कोणाला आवडत नाही. दोन-तीन घरे अजूनही काळोख पडल्यावर काडी लावतात. त्यांच्याशी भांडण नको, त्यांच्या घरी जाऊन बसावे लागते.

आमची छोटी पेशंट आता नऊ वर्षांची आहे. दमा गेला असे नाही, दमा असा जात नसतो. तिचा पंप चालू आहे आणि तो तिने डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायचा नाही. पण गेल्या दोन हिवाळ्यांत मिळून तिला नेब्युलायझरसाठी एकदाच आणावे लागले. गोणी धक्क्यावर न्यायच्या दिवशी ती बापाबरोबर होडीत येते. काठीचे काम सुटले, आता गोणीचे तोंड बांधायचे काम तिचे.

मागच्या महिन्यात आजी रक्तदाब तपासायला आली होती. पट्टा सोडताना मी विचारले, न्हाणीतली पिशवी अजून टांगलेली आहे का? ती म्हणाली, "आसा. पण आता तिच्यात करवंट्ये भरतंय."

डॉक्टरी शिकताना आम्हाला पेशंटची नाडी पाहायला शिकवतात, जीभ पाहायला शिकवतात. पेशंटचे मागीलदार पाहायला कोणी शिकवत नाही. माझ्या व्यवसायबंधूंना एवढीच विनंती, की मुलाची धाप पुन्हा पुन्हा येत असेल तर प्रश्नांच्या यादीत एक वाढवा, "तुमच्याकडे कचऱ्याचं काय करता?" आणि वाचकांना विनंती, की आज संध्याकाळी मागीलदारी जाऊन पाहा, आणि खिशात काडीपेटी असेल तर ती देवघरात ठेवून या.